उतारावरचे पाय

ठाण्यात कसली आलीये थंडी,
असं निफाडहून भाऊ फोनवर म्हणतो
आणि हसतो. त्याच्याकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात,
माझ्याकडे पाच वाजताचा गजर
आणि पुढच्या टायरमध्ये अर्धीच हवा.

खरंय त्याचं. तलावपाळीवर मफलर म्हणजे हौसच.
पण येऊरच्या उतारावर, जानेवारीत,
पेडल न मारता सायकल सोडून द्यायला
त्याने एकदा यावं.

चढताना काही नसतं.
चढताना मी भट्टी असते.
पोटऱ्या तापतात, घाम डोळ्यांत उतरतो,
बिबट्याच्या पाटीपाशी दम लागतो
तेव्हा मी पाटी वाचायला थांबल्यासारखं करते.
वर पोचून वळलं
की तोच घाम उलटतो माझ्यावर.
पायांना काम उरत नाही,
आणि बिनकामाच्या माणसांसारखे ते
आधी कुरकुरतात, मग गप्प होतात.
करंगळी पहिली जाते.
मग तिच्या शेजारची, जिचं नाव मला कधी लागलंच नाही.
उपवन येईस्तोवर बुटांत दोन गोटे.

उपाय सगळे करून झाले.
मुलीचे शाळेचे मोजे, एकावर एक दोन:
बूट इतके आवळले की रक्तच अडलं,
पाय आणखी गार.
उशिरा कळलं, उबेलाही जरा जागा लागते.
तिळाचं तेल. दुधाच्या पिशव्या, धुऊन,
मोज्यांवरून चढवलेल्या.
पहाटे घरभर चुरचुर वाजत गेले
आणि नवरा झोपेत म्हणाला, मांजर शिरलंय.

उपवनच्या टपरीशी पाष्टेकाका पेपर लावत बसतात.
मोरेश्वर पाष्टे, छत्तीस वर्षं हीच लाइन,
वर्तकनगर ते वसंत विहार, काळी सायकल,
कॅरिअरवर पुरवण्यांचा गठ्ठा.
मी बूट काढून बोटं चोळत होते, त्यांनी पाहिलं.
कालचा उरलेला अंक फाडला.
"पहिलं पान नको, त्याची शाई लागते.
छोट्या जाहिराती घे. बोटांवर टोपडं घालतात ना, तसं."
वधू पाहिजे, वन रूम किचन, हरवले आहेत,
सगळं अंगठ्याभोवती गुंडाळून
मी टाचा आपटत उभी राहिले
आणि खरंच काहीतरी परत आलं.
आधी मुंग्या, मग आग, मग करंगळी.

आई गं, मी ओरडले.
ते हसले. "ओरड, ओरड."

तुम्ही नाही घालत कागद?
त्यांच्या पायांत नुसते कॅनव्हासचे बूट, टाचेला दबलेले.
"मला काय करायचाय?
साखरेने नेलं सगळं, सहा वर्षं झाली.
थंडी नाही, खडा नाही.
एकदा बुटात टाचणी घेऊन अख्खी लाइन टाकली,
रात्री मोजा लाल दिसला तेव्हा कळलं.
आता रोज आरसा धरून तळवे वाचतो."

वाचतो, म्हणाले.
आणि गठ्ठ्याची सुतळी दाताने ओढून गाठ मारली.

मला काही सुचलं नाही.
चहाचे पैसे दोघांचे द्यायला गेले,
तर त्यांनी आपले सुटे आधीच बरणीवर ठेवलेले.
निघताना म्हणाले,
"घरी गेल्या गेल्या गरम पाण्यात टाकू नको पाय.
आमची सुमती आधी कोपर घालून बघते,
बाळाच्या पाण्याला बघतात तसं.
मला उकळतं दिलं तरी मी बसून राहीन."

पोखरण रोडला ऊन टेकलं होतं.
प्रत्येक फेरीला दुखत होतं,
दहाही बोटं, एकेक करून:
हजर. हजर.

घरी बादली भरली.
जाहिराती घामाने तळव्याला चिकटलेल्या,
त्यातली एक उलटी उमटली होती टाचेवर,
'स्टेशनपासून दहा मि' एवढीच लागली.
माझ्या पायांना सगळं कळत होतं,
फरशीचा गारवा, पायपुसण्याची काथ्याची टोचण.
तरी मी बाही वर सारली
आणि कोपर बुडवलं.